होमाच्या वेळेला ये

माझा धाकटा भाऊ जुहूच्या क्लबात विमान चालवायला शिकला, तेव्हा ठाकूरद्वारच्या आमच्या चाळीत त्याचं भलतंच कौतुक झालं. मला मात्र त्याचं मिरवणं बघून हसू यायचं. घरातला स्टोव्हसुद्धा धड पेटवता येत नसे त्याला.

माझं लग्न ठरलं ते संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीच्या दिवसांत, पावसाळ्याच्या तोंडावर. लग्नाच्या आदल्या दिवशी तो क्लबाचं दोन माणसांचं विमान घेऊन पुण्याला गेला होता. लग्नाच्या सकाळी खालच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात त्याचा ट्रंककॉल आला. मी हळदीच्या हातांनीच खाली धावले.

"ताई, घाटावर ढग उतरलेत. इथले सगळे थांब म्हणतायत. गाडीने येतो, संध्याकाळ होईल."

"आणि होमाच्या वेळी नवऱ्याचा कान कोण पिळणार? चुलतभाऊ? मला नाही चालायचं. इथे लख्ख ऊन पडलंय, गच्चीवर पापड वाळतायत. एवढा वैमानिक म्हणून मिरवतोस आणि ढगाला घाबरलास?"

तो हसला. "बरं बाई, येतो."

तेव्हा सख्खा भाऊ असताना दुसऱ्याने कान पिळायचा, ही कल्पनाच मला सहन होत नव्हती. घाटावरचं आभाळ मी गिरगावच्या खिडकीतून पाहिलं, एवढी मी शहाणी.

होमाची वेळ झाली. मांडवात पुरुषमंडळी मुंबई कुणाची यावर घसा कोरडा करत होती. भटजींनी दोनदा विचारलं, दोनदा मी त्यांना थांबवलं. शेवटी चुलतभावानेच कान पिळला. सगळे हसले, मी फुरंगटून बसले. भाऊ आला की त्याला काय काय सुनवायचं, ते मनात जुळवतच जेवले.

विमान तिसऱ्या दिवशी सापडलं, खंडाळ्याजवळच्या डोंगरात.

चौकशीच्या कागदात दोनच ओळी कामाच्या होत्या. वैमानिक ढगात शिरला, त्याला जमीन दिसेनाशी झाली. तो कागद हातात घेऊन वडील माझ्या सासरी आले. "सगळे थांब म्हणत होते म्हणे. तुझ्याशी बोलला होता ना सकाळी? काय म्हणाला?"

"येतो म्हणाला," मी सांगितलं.

"हट्टीच होता पहिल्यापासून," ते म्हणाले, आणि मी त्यांना तसं म्हणू दिलं.