ताटावरचा होकार

कुणी मोघम बोललं की तो समोरच्याच्या नाकापुढं दोन बोटं धरायचा. एक हलवून म्हणायचा, "व्हय?" दुसरं हलवून, "का न्हाय? दोनातलं येक सांगा." उत्तर मिळेपर्यंत बोटं काही खाली यायची नाहीत.

आता तुम्हीच सांगा, आमच्या बारामती-इंदापुराकडं असं उत्तर कुणी देतं का? "बघू की", "हुईल की", "या उद्याच्याला" एवढ्यावर आमची माणसं जन्म काढतात. सोयरीक मोडायची असली तरी पत्रिकेवर ढकलतात. तोंडानं सरळ नाही म्हणायचं म्हणजे आमच्या जिवावर येतं.

तो हॉलंडचा. नव्वदीच्या मधल्या वर्षांत लोणी देवकरच्या एका कारखान्यात यंत्रं बसवायला आला. सहा महिन्यांसाठी आला आणि तीन वर्षं राहिला. मी तिथं स्टोअरमध्ये कारकून. बी.ए.ला इंग्रजी घेतलं होतं, त्या गुन्ह्याबद्दल मला त्याचा दुभाषी नेमलं. बारामतीत तो माझ्याच गल्लीत भाड्यानं राहायचा. मराठी शिकला ती फिटर आणि वेल्डरांकडून. त्यामुळं डोळे मिटून ऐकलं तर भिगवणजवळच्या डाळजचाच कुणी बोलतोय असं वाटायचं. त्याचं नाव कुणाच्या जिभेला वळेना, म्हणून सगळे त्याला पाव्हणं म्हणायचे.

त्याला ते अजिबात आवडायचं नाही.

"तीन वरीस पाव्हणं? तुमच्यात पाव्हणं घरचं कवा हुतं?"

"त्याला मुलगी करावी लागते इथली," मी म्हणालो. तो हसला, पण मनापासून नाही.

त्याला मोटारसायकल हवी होती. कारखान्याची जीप होती, पण जीप म्हटली की ड्रायव्हर आला आणि ड्रायव्हरबरोबर मीही आलो. भाव करायला त्याला येत नाही असं सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. पाव किलो कांद्यांसाठी आम्ही तिघं मंडईत उतरायचो. "मला येकट्यानं कांदं आनायचंत," तो म्हणायचा. एवढंच त्याचं मागणं होतं.

नवी गाडी बघायला गेलो. शोरूमच्या मालकानं आधी चहा पाजला, मग लस्सी. मग फॉर्म काढून म्हणाला, "रेशनकार्ड?"

त्यानं पासपोर्ट दिला. मालकानं त्यातला एकेक शिक्का कौतुकानं बघितला. "लय झ्याक हाय. पन रेशनकार्ड?" पुण्याच्या पोलिसांनी दिलेला राहण्याचा परवाना दाखवला. "ह्येबी असू द्या. रेशनकार्ड तेवढं आना."

बोटं वर गेली. "गाडी देनार, व्हय का न्हाय?"

"देनार की! का न्हाय देनार? या सोमवारी."

आम्ही पाच सोमवार गेलो. पाचही सोमवारी चहा झाला. गाडी मिळणार नाही हे मला पहिल्याच सोमवारी कळलं होतं, पण ते त्याला सांगणं माझ्याच्यानं होईना. इतक्या प्रेमानं चहा पाजणाऱ्या माणसाला खोटारडा कसं म्हणायचं?

त्याचं तोंड उतरलेलं बघून मी त्याला कोऱ्हाळे बुद्रुकला माझ्या मामाकडं जेवायला नेलं. तिथंच माझं चुकलं.

मामाचं बालपण मेंढरांमागं गेलेलं. पुढं कॅनॉलचं पाणी आलं, ऊस आला आणि उसामागनं एक काळी मोटारसायकल आली. चार वर्षांत मामानं तिला चाळीसच्या वर पळवलं नव्हतं. मामीचे गुडघे गेलेले. एसटीची पायरी तिला चढवायची नाही, आणि लेक दिलेली डाळजला, म्हणजे बारामतीला आणि भिगवणला दोनदा गाडी बदलायची. म्हणून दर रविवारी मामा तिला मागं बसवून डाळजला न्यायचा. लेकीला तेव्हा नुकती मुलगी झाली होती. मामीचा जीव त्या नातीत अडकलेला.

त्या दिवशी मटणाचा रस्सा होता. पाव्हण्याच्या डोळ्यांतून, नाकातून पाणी चाललं होतं आणि तो भाकरी कुस्करत होता. मधेच त्यानं दारातल्या गाडीकडं बघितलं आणि विचारलं, "मामा, ती गाडी मला इकत देता का?"

मामाचा घास हातातच राहिला. चुलीपुढं मामीचं भाकरी थापणं थांबलं.

आमच्यात एक रीत आहे. ताटावर बसलेल्या माणसानं काही मागितलं तर नाही म्हणायचं नाही. मान खाली घालून पाहुणा उठला तर अन्नाचा अपमान. म्हणून शहाणी माणसं ताटावर काही मागत नाहीत. हे त्याला कोण शिकवणार? मीच शिकवायला हवं होतं.

"न्या की," मामा म्हणाला.

रश्श्यानं भरलेली दोन बोटं वर झाली. "व्हय का न्हाय?"

"व्हय."

मी इंग्रजीत दोन शब्द बोललो असतो तरी काम भागलं असतं. "मागू नकोस" एवढंच. पण मामा माझ्याकडं असा बघत होता की मी नुसतं पाणी प्यालो. आजही ते आठवलं की माझा मला राग येतो.

किंमत त्यानं रास्त दिली, त्यात बोलायला जागा नाही. मग कागद. आमच्याकडं जुनी गाडी घेतली की कोऱ्या फॉर्मवर सही घेतात आणि पहिल्या मालकाच्या नावावरच पुढचे चार मालक फिरतात. हा पठ्ठ्या ऐकेना. गाडी स्वतःच्या नावावर झाली पाहिजे म्हणून पुण्याच्या आरटीओत तीन खेपा केल्या. तिथला कारकून फॉर्म पुढं घेऊन बसला. "गाव हॉलंड लिवलं. तालुका काय लिहू?" शेवटी कंटाळून त्यानं गाव, तालुका सगळंच बारामती लिहिलं. तो कागद याला इतका आवडला की गल्लीत प्रत्येकाला दाखवला. "बघा. तालुका बारामती." मला हसायला आलं.

मी मामाला गाठून विचारलं, "सांगू का त्याला?"

"सांगितलंस तर माझ्या दारात पाय ठेवू नगंस. दिली म्हंजी दिली."

आठ महिने मी गप्प. तो एकटा कांदे आणायचा, भावात फसवला जायचा आणि खूश असायचा. "मामी बरी हाय का?" विचारायचा. मी म्हणायचो, "बरी आहे की."

एका रविवारी तो भिगवणला मासे खायला गेला होता. एसटी स्टँडवर त्यानं काय बघितलं? मामा खालून मामीला ढकलतोय, कंडक्टर वरून ओढतोय आणि मामी पायरीवर कळवळतेय. त्यानं दोघांना खाली उतरवलं आणि काय झालं विचारलं. मामीला आडपडदा नाही. ती म्हणाली, "गाडी व्हती तवर दर रविवारी यायची बाबा. आता चार म्हयन्यांनी आले."

संध्याकाळी तो माझ्या दारात. चेहरा लालबुंद.

"तुला म्हाईत व्हतं?"

मी खुर्ची त्याच्यापुढं सरकवली.

"आठ म्हयनं! मी तुझा दोस्त, का पाव्हणं?"

दुसऱ्या दिवशी तो गाडी घेऊन कोऱ्हाळ्याला गेला आणि चावी मामापुढं धरली. मामानं हात मागं बांधले. "तुमची गाडी हाय. मी कशाला घिऊ?" तासभर दोघं भांडले. दोघांचंही खरं होतं, त्यामुळं मधे पडायला मला जागाच नव्हती.

शेवटी त्यानं वेगळाच मार्ग काढला. रविवारी तो स्वतः बारामतीहून यायचा आणि मामीला डाळजला न्यायचा. पुढं सहा फुटी गोरा, मागं नऊवारीतली मामी, डोक्यावर पदर, मांडीवर लेकीसाठी शेंगांची पिशवी. हायवेवरचे ट्रकवाले वळून बघायचे. मामा मागनं एसटीनं. असे पाच रविवार झाले.

मग पुण्याहून कागद आला. राहण्याचा परवाना वाढणार नाही, पंधरा दिवसांत देश सोडा. तो धावत गेला आणि हात हलवत परत आला. "तितं सायबाला इचारलं, व्हय का न्हाय. सायेब म्हनला, न्हाय." मग कडवट हसला. "तीन वर्सांत पयलाच मानूस, सरळ बोलला."

जायच्या दिवशी त्यानं गाडी मामाच्या दारात लावली; मागनं जीपमधून मीही गेलो होतो. या वेळी मामानं मुकाट्यानं चावी घेतली. जीपमध्ये बसल्यावर तो मला हलवून हलवून सांगत होता, "घेतली! मामानं परत घेतली!" त्याचे डोळे भरून आले होते. पण चावी फडक्यात बांधताना मामा मामीला काय म्हणाला ते मी ऐकलं होतं. "जपून ठीव. पाव्हण्याची ठेव हाय. येतील तवा नेतील."

ठेवीला हात कसा लावायचा? गाडी गोठ्याच्या कडेला पोत्यांखाली उभी राहिली. इंजिन धरू नये म्हणून मामा दर शनिवारी ती पाच मिनिटं चालू करायचा, आणि बंद करायचा. बसायचा नाही. मी भांडलो, हात जोडले, एकदा तर नको तेही बोललो. काही उपयोग झाला नाही. मामी ओट्यावर बसून तो आवाज ऐकत राहायची. नात आता चालायला लागली, असं डाळजचं कुणी आलं की सांगायचं.

दिवाळीत कारखान्यात त्याचा फोन आला. लाइन खरखरत होती. कुणाची विचारपूस नाही, काही नाही, थेट ओरडला, "मामी जाती का डाळजला?"

"जाते की," मी म्हणालो. "दर रविवारी."

तिकडं तो इतक्या मोठ्यानं हसला, की माझ्या टेबलापलीकडच्या माणसालाही ऐकू गेलं.