गोडं पाणी

लेकीच्या गॅलरीतला बिगोनिया पाहिला, की मला रत्नागिरीतली आमची पडवी आठवते. ऐंशीच्या दशकातला मे महिना होता. आमच्या विहिरीचं पाणी खारट झालं होतं, म्हणून माझी बायको सुलभा पिण्यापुरतं गोडं पाणी लांबून, डोक्यावरून आणायची. त्यातलं तांब्याभर ती पडवीत, डालड्याच्या डब्यांत लावलेल्या बिगोनियांना घालत होती.

"माणसांना पुरत नाही, आणि झाडांचे कसले लाड?" मी शेजाऱ्यांदेखत म्हणालो.

"माझ्या वाटणीचं घालत्येय हो."

"काही नको. विहिरीचं घाल."

तिनं ते घातलं. हळूहळू पानं कडेनं करपली, रसरशीत देठ लोळले. मी कारण विचारलं.

"खारं पाणी सोसत नाही त्यांना," ती म्हणाली. "चहा निवतोय तुमचा."

मी एक हंडाही कधी उचलला नव्हता. तिनं आणलेल्या पाण्याचा तो चहा मी निवांत प्यालो.