सायबाचा वर गेलेला हात

मंडळी, आज प्रेसमधी एक मानूस मरता मरता वाचला.

आमच्या अकोल्याच्या, कापसाच्या गाठी दाबनाऱ्या प्रेसचे गोरे सायेब तरुणपनी आपल्या देशाकडून रग्बी खेळले. अंगावर येनाऱ्या गड्याले धडक देऊन पाडायचं, असा तो खेळ. लय नाव कमावलं. पन डोक्याले इतका मार बसला, का आता मधीच आपून कुठं हाओत तेच इसरतात.

प्रेसच्या पेटीत उतरून कापूस तुडवनारा गडी बाहेर निघाला, का सायेब हात वर करतात. तो इशारा पाहून यंत्रावरचा गडी वरून लोखंडी दाब खाली सोडते.

आज तुडवनारे रहीमभाई अजून पेटीतच होते. सायबानं हात वर केला अन् मले इचारलं, "मॅच कौन जीता?"

मी बोंबललो, "थांबा! मानूस हाय आत!"

यंत्रावरच्या गड्यानं कळ ओढली, अन् दाब रहीमभाईच्या डोक्याच्या वितभर वर थांबला.

उद्या पेटीत उतरायची पाळी माही हाय. तुमी उतरले असते काय?