हाडाच्या मुठीचा चाकू

पोळा तोंडावर आला होता. समोरच्या किराणावाल्यानं दुकानातूनच हाक मारली, "मॅडम, तुमच्या भावाचा फोन!" मी कणकेच्या हातानंच पळाले.

"बाई, करीले येतो मी," तिकडून धाकटा म्हणाला.

"ये ना! मुक्कामी ये."

"पाहू," म्हणाला आणि ठेवला.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, आमच्या कुरखेड्यात घरोघरी मटण शिजतं. आमच्या घरी मात्र बाबा गेल्यापासून शिजलं नव्हतं. एकट्या बाईनं कोणासाठी शिजवायचं? लग्न मी केलं नाही. आई बाबांच्या आधीच गेलेली. भाऊ तिकडं चंद्रपूरकडं, कोळशाच्या खाणीत नोकरीला. शाळेत शिकवून आले की कुलूप मीच उघडायचं आणि "आली का वं?" हेही मीच विचारायचं. हसू नका, मी खरंच विचारायची.

भाऊ येणार म्हणजे चाकू पाहिजे. बाबांचा, हाडाच्या मुठीचा. वडशाच्या एका मुसलमान कारागिराकडून त्यांनी तो करवून घेतला होता. हाड कशाचं ते बाबांनी कधी सांगितलं नाही आणि आईनं कधी विचारलं नाही. पण "हाड माया चुलीजवळ नाई पायजे," एवढं तिनं बजावलं होतं. म्हणून चाकूचा मुक्काम कायम गोठ्यात, आणि करीच्या मटणाची चूलही आंगणात. कापायचे बाबा, शिजवायचेही बाबाच.

आणखी एक नेम होता. चाकू कोणी कोणाच्या हातात द्यायचा नाही. खाली ठेवायचा, दुसऱ्यानं उचलायचा. हातात दिला की भांडण होतं म्हणे. मी आणि भाऊ तर उठता-बसता भांडायचो. चिंचेवरून, कंदिलाजवळच्या जागेवरून, कशावरूनही. झिंज्या ओढण्यापर्यंत मजल गेली की आई आतून ओरडायची, "कोनं हातात देल्ला रे चाकू?" चाकू बिचारा गोठ्यात! घरातल्या सगळ्या भांडणांचं खापर त्याच्यावर फुटायचं.

तो गोठ्याच्या आढ्याला खोचलेला सापडला. पातं गंजलेलं, मूठ काळीकुट्ट, चिकट आणि पडायला आलेल्या दातासारखी हलणारी. शेजारीण म्हणाली, "सोडा टाकून उकळा ना." हाड उकळायचं नसतं, तडकतं, हे बाबांनी मला सांगितलेलं होतं. तिला चहा पाजून वाटेला लावलं.

रिठ्याच्या कोमट पाण्यात फडकं पिळून मूठ पुसत बसले. दात घासायच्या जुन्या ब्रशनं सांधीतली घाण काढली. फडकी काळी होत गेली आणि खालून हाड निघालं, लोण्यासारखं पिवळसर. पात्याला रॉकेल आणि विटेचा चुरा घासला. मूठ हलत होती ती आतली लाख झडल्यामुळं. बाजारातून लाख आणली, कुटून मुठीच्या भोकात भरली, पात्याचं मागचं टोक निखाऱ्यावर तापवलं आणि आत दाबलं. लाख वितळून थोडी बाहेर आली, मग थंड झाली, आणि पातं गच्च बसलं. शेवटी मोहाच्या टोरीचं, म्हणजे बियांचं, तेल. शाळेतून आले की मी मूठ चोळत बसायची.

खरं सांगते, मला मटणाची काही पडली नव्हती. मला माझा भाऊ पाहिजे होता, तो झिंज्या ओढणारा. नोकरी लागली, लग्न झालं, आणि तो "हो बाई", "बरं बाई" म्हणणारा पाहुणा होऊन गेला. शेजारपाजारचे म्हणायचे, "भावा-बहिणीत कधी शब्दाले शब्द नाई, नशीबवान आहा." डोंबलाचं नशीब!

करीच्या सकाळी तो आला. एकटाच. बूट न काढता खाटेच्या काठावर टेकला.

"दोनची गाडी हाय बाई."

"मुक्काम?"

"ड्युटी हाय."

"पोरं?"

"मजेत."

मी उठून आंगणातल्या चुलीत लाकडं सारली. गावात मिळून कापलेल्या बकऱ्यातलं हिश्श्याचं मटण आलं, मोठमोठे तुकडे, घरी बारीक करायचे. मी चाकू आणला.

"नवा घेतला काय बाई?"

माझं डोस्कंच फिरलं. "नवा? डोळे फुटले काय तुये? बाबाचा चाकू ओळखत नाई?"

एवढ्यावर पूर्वी त्यानं घर डोक्यावर घेतलं असतं. आता म्हणाला, "हो काय? छान केला बाई."

छान केला!

मी चाकू खाली ठेवायला सवयीनं वाकले. मग सरळ झाले, त्याचा हात ओढला आणि मूठ त्याच्या तळव्यावर ठेवली.

तो दचकला. "बाई, हातात?"

"हो, हातातच. होऊ दे भांडन."

मला वाटलं, आता बोलेल. काहीही बोल रे, शिवी दे, पण बोल.

तो वाकला. चाकू हळूच जमिनीवर ठेवला, हात काढून घेतला, आणि मग स्वतःच परत उचलला.

"तुयासंग भांडन नोको बाई," म्हणाला, अगदी मायेनं, आणि मटण कापायला बसला.

जेवला. दोनची गाडी त्याला मिळाली. मी चाकू धुतला, पुसला, मुठीला तेल लावलं आणि पुन्हा गोठ्यात खोचला. मूठ अजून घट्ट आहे. आमचं भांडण त्यानंतरही कधी झालं नाही.