भानुदासचा डावा कान

ये गं सुनंदा, अशी जवळ बस. नाक लाल झालंय, डोळ्यांतून पाणी गळतंय, आणि परवा मालवणला जाऊन पाठीला सिलिंडर बांधून समुद्रात उतरायचं म्हणतेस? वर मलाच सांगतेस, आत्या, नाक मोकळं होईल असं काहीतरी दे. देणार न्हाई. एकदा दिलंय मी. ते ऐक, मग रुसायचं तर रूस.

गेवराईकडच्या एका साखर कारखान्याच्या दवाखान्यात मी नर्स होते. दुष्काळाचं वर्ष. ऊस वाळलेला, कारखाना बंद, पण आवारात चारा छावणी चालू. छावणीतल्या जनावरांना आणि कॉलनीला पाणी यायचं ते गोदावरीतल्या जॅकवेलमधून. जॅकवेल म्हणजे नदीच्या डोहात बांधलेली खोल विहीर. तिथून पंपानं पाणी वर ओढायचं. पंपाच्या पाइपाला तळाशी जाळीचा फुटव्हॉल्व असतो, तो गाळानं गच्च झाला. विहिरीत तीस फूट पाणी, आणि वर थेंब येईना.

तो साफ करायला चकलांब्याकडचा भानुदास आला. विहिरीत बुड्या मारणारा गडी. तोंडात हवेची रबरी नळी, वर पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर, कमरेला दोर, एवढंच सामान. कारखान्याचा नियम असा, की दवाखान्याची फिट चिठ्ठी असल्याशिवाय कुणाला विहिरीत सोडायचं नाही. म्हणून इंजिनिअर साहेब त्याला घेऊन आले. डॉक्टर मीटिंगला बीडला गेलेले.

"याला सर्दी हाय, साहेब. उतरवू नका."

"सिस्टर, जनावरं कालपासून तहानलीत. नाक मोकळं राहील असं काही द्या."

भानुदास हसला. "अक्का, सर्दीला काय भ्यायचं? आपण तर पाण्यातच राहतो."

नाकाच्या मागून कानाकडं एक बारीक नळी जाते. पाण्यात उतरलं की कानाच्या पडद्यावर बाहेरून दाब येतो. नाक दाबून फुंकलं, की त्या नळीतून आतही हवा जाते आणि दाब सारखा होतो. सर्दीत ती नळी सुजते. हवा जात नाही, पडदा आत दबत जातो. हे मला ठाऊक होतं. तरी मी त्याच्या नाकात थेंब घातले, आणि "कामास फिट" लिहून सही केली.

सकाळच्या दोन बुड्या नीट गेल्या. दुपारी थेंबांचा असर उतरला आणि तिसऱ्या बुडीत डावा पडदा फुटला. दोर हलला तसं माणसांनी त्याला ओढून काढलं. कानातून रक्त, आणि उलट्या थांबेनात.

"अक्का, वर कुठं आन खाली कुठं, कायबी कळंना झालतं."

मी कोरडा कापूस लावला. बजावलं, कानात तेल न्हाई, पाणी न्हाई, डॉक्टर सांगेपर्यंत बुडी न्हाई. बाहेर त्याचा चुलता बसलेला, तोही जुना बुडीवाला.

"फुटला ते बरं झालं, बाई. आता दुखायचं न्हाई. आमच्यात समद्यांचे फुटलेत, म्हणून तर लई खोल जातोत आमी."

"म्हणूनच तुमाला तीनदा हाक मारावी लागली, मामा."

हेही त्याला ऐकू गेलं नाही.

घरी नेऊन चुलत्यानं भानुदासच्या त्याच कानात लसूण तळलेलं तेल ओतलं. दुसऱ्या दिवशी काम अर्धं राहिलेलं. मी साहेबांना सांगितलं, आज चिठ्ठी मिळणार न्हाई.

"नवी कशाला पाहिजे? कालची हाय की. तिच्यावर तारीख कुठं टाकली तुमी?"

खरंच नव्हती टाकली. भानुदास उतरला. कान दुखला नाही; पडदाच फुटलेला, दाब येणार कशावर? जाळी साफ झाली, पाणी आलं, छावणीच्या हौदावर बैल तुटून पडले. चुलता सगळ्यांना सांगत फिरला, बघा, म्हणलं नव्हतं?

चौथ्या दिवशी ताप, आणि कानातून पू. गाळाचं पाणी फुटक्या पडद्यातून आत गेलं होतं. औरंगाबादला ऑपरेशन झालं, जीव वाचला. डावा कान गेला तो कायमचा. तोल पण गेला. विहिरीच्या काठावर उभं राहिलं तरी चक्कर यायची.

चौकशीत साहेबांनी माझी चिठ्ठी पुढं केली. सही माझीच होती, मी नाकारली नाही. पुढं प्रत्येक चिठ्ठीवर मी तारीख टाकली आणि "फक्त आजपुरती" असं लिहिलं. भानुदासला त्याचा काय उपयोग? तो ऊसतोडीला जायला लागला. मागून ट्रॅक्टर आला तर त्याला कळत नाही, म्हणून बायको कायम त्याच्या डाव्या बाजूनं चालते.

तर सर्दी जाईपर्यंत पाण्यात उतरायचं नाही, आणि नाक मोकळं करून देणाऱ्या माणसाचं ऐकायचं नाही, मग ती आत्या का असेना. आता चहा घे. आणि पुन्हा लवकर ये गं, अशी वर्षावर्षानं नको येऊस.