मिक्सरचं लहान भांडं

आमचे काका मांसासाठी कोंबड्या पाळतात. या खेपेला त्यांनी खाद्यात वाळवलेल्या अळ्यांचं पीठ घालायचं ठरवलं आणि ते चक्क काकूच्या मिक्सरच्या लहान भांड्यात दळलं.

"भाजक्या शेंगदाण्यांसारखा तर वास येतोय," काका पुटपुटले.

"मग वाढू का ताटात?" म्हणत काकूने अबोला धरला.

शेडमध्ये वेगळंच संकट. पिल्लं मक्याचा भरडा तेवढा टिपत होती, पिठाला शिवत नव्हती. काका उकिडवे बसून त्यांची मनधरणी करू लागले. "खा गं बायांनो. तुमच्यापायी घरात कुणी बोलेना. तुम्हीही रुसलात तर मी जाऊ कुठे?"

मागे काकू कधी येऊन उभी राहिली, त्यांना कळलंच नाही. नाक मुरडत तिने चिमूटभर पीठ बोटांत चोळलं.

"पार मैदा केलाय. चोचीला चिकटतंय त्यांच्या. उरलेल्या अळ्या द्या इकडे."

तिने त्या जाडसर भरडून आणल्या. पिल्लं एकमेकांना ढकलत तुटून पडली.

"ते लहान भांडं आता कोंबड्यांचं," काकू म्हणाली. "मला नवं आणा."

"आणि दळायचं कुणी?"

"मीच. तुम्हाला कुठे जमतंय?"