‘जैसे थे’ म्हणणारे आमचे सुभेदार

आमचे सुभेदार काल सकाळी गेले.

सगळी नोकरी तोफखान्यात काढलेला माणूस. गेले ते खुर्चीत बसल्या बसल्या, गपचूप.

कालपासून फोन येताहेत. बहुतेकांना त्यांचा एकच शब्द आठवतोय, म्हणून हे लिहितेय.

परेडवर कवायत चुकली की उस्ताद ओरडतो, “जैसे थे.” म्हणजे आधीच्या जागेवर या आणि पुन्हा करा. बस.

लग्न होऊन देवळालीला आले तेव्हा मी कॉन्व्हेंटमधली, वाक्यागणिक प्लीज म्हणणारी. पहिल्याच आठवड्यात वरण खारट झालं.

यांनी वाटी हळूच पुढे सरकवली. “मॅडम, जैसे थे.”

मी आधी रडले. मग वरण पुन्हा केलं.

पुढे तो शब्द घरापुरता राहिलाच नाही. बिल्डिंगखाली पोरांचं क्रिकेटमध्ये भांडण झालं की “जैसे थे” आणि बॉल परत. एकदा नाशिकच्या द्वारका चौकात रिक्षा चुकीची वळली, तर मीच बोलून गेले, “भाऊ, जैसे थे.” त्याने मुकाट्याने रिक्षा मागे घेतली. निघाला माजी सैनिकाचा मुलगा.

हे म्हणायचे, “फौजेचे शब्द रिटायर होत नाहीत, सिव्हिलमध्ये नोकरीला लागतात.”

मुलगा पुण्याच्या ऑफिसातून सांगायचा, “बाबा, वॉर रूममध्ये आहे, नंतर बोलतो.”

“एसी आहे ना रे तुमच्या वॉरमध्ये?”

शाळेत आमच्या सिस्टर वेंधळ्या मुलींना ‘डूलॅली’ म्हणायच्या. तो शब्द आमच्या देवळालीचा, हे मला यांनी सांगितलं. इथल्या कॅम्पात मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट बघून बघून गोऱ्या सोल्जरांचं डोकं फिरायचं, म्हणून. यांना त्याचा कोण अभिमान. “बघ, वेड लागायला इंग्रजांना आपलंच गाव लागलं.”

असा बोलका माणूस. मागच्या वर्षी पॅरॅलिसिसचा झटका आला आणि बोलणंच गेलं.

पाणी मागायला जायचे आणि ‘खिडकी’ म्हणायचे. माझं नाव घ्यायला गेले, तर ‘कंबल’.

मग त्यांनी प्रयत्नच सोडला. स्पीच थेरपिस्ट आली की भिंतीकडे तोंड करून डोळे मिटायचे.

डॉक्टर मला बाहेर नेऊन म्हणाले, “आत्ता गप्प बसले तर नंतर कठीण आहे.”

त्यांना सांभाळायला यमुना होती. सुरगाण्याकडची, बोलायला फटकळ. एका सकाळी ती पेज भरवत होती. यांना काहीतरी हवं होतं, शब्द भलताच आला. यांनी मान फिरवली.

“बाबा, जैसे थे,” यमुना म्हणाली.

यांनी वळून पाहिलं.

“बघता काय? नाय जमलं तं परत म्हना. मी हाय ना हितं.”

ते हसले. तोंड वाकडं झालेलं, तरी हसले. आणि स्पष्ट म्हणाले, “जैसे थे.”

थेरपिस्ट म्हणाली, जिभेवर घोटलेले शब्द आधी परत येतात. खरंच आले. फॉलिन, थम, शाबाश. आमच्या घरात पुन्हा परेड सुरू झाली.

मग एकेक साधा शब्द. चुकलं की स्वतःच म्हणायचे, “जैसे थे,” आणि परत सुरुवात. ‘वसुधा’ म्हणायला अख्खा हिवाळा गेला. पण म्हणाले.

परवा दुपारी मी कॉटवर पडले होते. खुर्चीतून आवाज आला.

“वसुधा, तू जेवलीस का?”

एकदाही न अडखळता. कुठल्याच परेडमध्ये न घोटलेलं, त्यांचं स्वतःचं वाक्य.

मी इतकी हरखले की उठून नुसता त्यांचा हात धरला. उत्तर द्यायचं राहूनच गेलं.

आज शेजारून पिठलं-भात आला. यमुनाने समोर बसून खायला लावला.

हो, जेवले मी.

तुम्ही निवांत जा, सुभेदार.